राज्य बुडाले, दप्तर उरले

जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांची नोंद शोधणाऱ्या माणसाला आज नकाशावर नसलेल्या राज्यात जावे लागते. नातवाचा हक्क तिथल्या कारकुनाच्या लेखणीवर ठरतो.

विशेष प्रतिनिधी

नागपूर - जून-जुलै महिन्यांत विदर्भातील कोणत्याही तहसील कार्यालयाच्या नक्कल विभागात डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, सोबत वडील आणि हातात अर्जांची चळत. कुणाला आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा हवा असतो, कुणाला पणजोबांच्या जन्ममृत्यूची कोतवाल पंजीतील नोंद, तर कुणाला जुन्या अधिकार अभिलेखाची नक्कल. प्रवेशाची मुदत पुढे उभी असते आणि कागद मागे, सत्तर-ऐंशी वर्षांच्या धुळीत, दडलेला असतो.

हा शोध वरवर पाहता निव्वळ कार्यालयीन वाटतो. पण त्या नकलांवरील शिरोभाग नीट वाचला तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. त्यावर महाराष्ट्राचे नाव नसते. कुठे ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असते, कुठे ‘मध्य प्रदेश’, तर पैनगंगेपलीकडच्या कुटुंबांच्या कागदांवर निजामाच्या हैदराबाद संस्थानाची मोहोर असते. ही सारी राज्ये त्या रूपात केव्हाच अस्तंगत झाली. त्यांचे झेंडे उतरले, काहींची नाणीही संग्रहालयात गेली. मात्र त्यांच्या कारकुनांनी केलेल्या नोंदी आजही जिवंत असून, वैद्यकीय महाविद्यालयातील जागेपासून सरपंचपदाच्या खुर्चीपर्यंत अनेक गोष्टींचा निवाडा त्या करीत आहेत. मराठा-कुणबी नोंदींवरून २०२३ पासून पेटलेला वादही याच दप्तरांभोवती फिरतो आहे. त्या वादाकडे केवळ आरक्षणाचे राजकारण म्हणून न पाहता, नाहीशा झालेल्या राज्यांच्या वारशाचा प्रश्न म्हणून पाहणे आवश्यक आहे.

एक शहर, अनेक राज्ये

नागपूरचेच उदाहरण घेऊ. देवगडच्या गोंड राजाने वसवलेले हे शहर अठराव्या शतकाच्या मध्यास भोसल्यांकडे आले. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निधन पावले. त्यांना औरस पुत्र नव्हता, हे निमित्त करून लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी बनले. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार त्याला जोडला गेला. २६ जानेवारी १९५० रोजी या प्रांताचे नाव ‘मध्य प्रदेश’ झाले; राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांच्या काळात महालातला किंवा इतवारीतला एखादा वाडा जागचा हलला नाही, पण त्याचे राज्य पाच-सहा वेळा बदलले.

आता याला कायद्याची जोड द्या. अनुसूचित जातींसाठी मानीव दिनांक आहे १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. अर्जदाराचे पूर्वज त्या दिवशी आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते आणि त्यांची जात अमुक होती, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे असते. यातील पहिल्या दोन तारखांना महाराष्ट्र नावाचे राज्यच नव्हते. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड हैदराबाद राज्यात होते. महाराष्ट्र शासन आपल्या नागरिकाला विचारते की, आम्ही जन्मलो नव्हतो तेव्हा तुमचे आजोबा कोण होते? उत्तर द्यायचे ते दुसऱ्याच राज्याच्या कागदाने. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यानुसार हे सिद्ध करण्याची जबाबदारी पूर्णतः अर्जदारावर आहे. दावा खोटा ठरला तर प्रवेश, नोकरी, निवडून आलेले पद, सारे जाऊ शकते.

पैनगंगेचे दोन काठ

या साऱ्याचा सर्वात बोलका नमुना पैनगंगेच्या दोन काठांवर आढळतो. उत्तरेला यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड, दक्षिणेला नांदेड जिल्ह्यातील हदगाव. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तीच कापूस-ज्वारी, परस्परांत सोयरिक असलेली तीच कुटुंबे. तरीही उत्तर काठावरील शेतकरी बहुधा ‘कुणबी’ म्हणून नोंदला गेला आणि दक्षिण काठावरील त्याचा सोयरा ‘मराठा’ म्हणून. पहिला इतर मागासवर्गात आला, दुसरा राहिला बाहेर.

यातली खरी मेख इतिहासात आहे. वऱ्हाडही मुळात निजामाचेच. १८५३ च्या तहाने निजामाने तैनाती फौजेच्या थकीत खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे कारभारासाठी सोपविले आणि १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने दिले. तरी कागदावरचे सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले. त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब होता, तो याच कारणाने. तेव्हा दोन्ही काठांचा धनी कागदोपत्री एकच होता. निराळे होते ते दप्तर. उत्तरेकडे इंग्रजी अमलातील रयतवारी मोजणी झाली आणि तिच्या जोडीला ब्रिटिश पद्धतीची शाळा व जन्ममृत्यूची नोंद आली. दक्षिणेकडे निजामाचा महसूल विभाग होता, उर्दू-फारसी दप्तर होते आणि प्रत्यक्ष रयतेपेक्षा देशमुख-देशपांडे व जहागीरदारांशी अधिक व्यवहार होता. नातवाची जात सार्वभौम राजा कोण होता यावरून ठरली नाही. गावात वही घेऊन कोण आला होता, यावरून ठरली.

त्यात पुढे सामाजिक नेतृत्वाची भर पडली. विदर्भातील शेतकरी समाजाने स्वतःला कुणबी म्हणवून घ्यावे, या जागृतीचे श्रेय वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुख यांना दिले जाते. मराठवाड्यात, संस्थानी अमलात, तशी चळवळ उभी राहिली नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये ते राज्यही विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. पण राजधानीतले दप्तर हैदराबादेतच राहिले आणि २०१४ नंतर ते तेलंगणच्या ताब्यात गेले. म्हणजे मराठवाड्यातील माणसाचा पूर्वज एका बुडालेल्या राज्यातला, त्याचा कागद दुसऱ्या चालू राज्यात आणि अर्ज तिसऱ्याच राज्याकडे, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागदपत्रे तपासून केवळ ११ हजार ५३० कुणबी नोंदी आढळल्याचे ऑक्टोबर २०२३ अखेर सरकारने सांगितले. समितीची कक्षा राज्यभर वाढवल्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये सरकारने सांगितलेला आकडा ५४ लाखांवर गेला. या दोन आकड्यांतील तफावतच सारे सांगून जाते. विदर्भासारख्या, जिथे कुणबी ही नोंद पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे, तिथे कागदांची ददात नाही. जिथे गरज आहे तिथे मात्र दप्तर मौन बाळगते.

हे मौन भेदण्यासाठी, मनोज जरांगे यांच्या आझाद मैदानावरील उपोषणादरम्यान, २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेणारा निर्णय काढला. जमिनीच्या मालकीचा पुरावा नसलेल्याने, आपण वा आपले पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या भागात राहत होते असे प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि गावपातळीवरील त्रिसदस्यीय समितीने, गावातील वा कुळातील कुणबी दाखला असलेल्या नातलगाच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे, चौकशी करायची, अशी त्यातील व्यवस्था आहे. नागपुरात याची प्रतिक्रिया तीव्र उमटली. संविधान चौकात राष्ट्रीय ओबीसी महासंघाचे साखळी उपोषण आधीच सुरू झाले होते. १० ऑक्टोबर २०२५ रोजी विजय वडेट्टीवार यांच्या पुढाकाराने शहरात मोठा मोर्चा निघाला. निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले.

दोन्ही बाजूंची तळमळ समजण्यासारखी आहे. परंतु एक मूलभूत मुद्दा दोन्हीकडून सुटतो. गॅझेटिअर म्हणजे प्रदेशाचे वर्णन. त्यात अमुक जिल्ह्यात अमुक जातीची किती डोकी, हे असते. अमुक गावच्या अमुक माणसाचे नाव नसते. समूहाविषयीचा पुरावा एका कुटुंबाला कसा लावायचा, हा खरा पेच आहे. निर्णयाने तो प्रतिज्ञापत्राने सोडवू पाहिला, म्हणजे जिथे मृत राज्याचा कागद संपतो तिथे जिवंत शेजाऱ्याची साक्ष घेतली. ही साक्ष पडताळणीत आणि न्यायालयात किती टिकते, यावर हजारो कुटुंबांचे भवितव्य अवलंबून राहणार आहे.

रकान्यात अडकलेला विणकर

नागपूरला या पेचाचा अनुभव नवा नाही. गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली या परिसरातील विणकर वस्त्यांनी तो कित्येक वर्षे सोसला आहे. आपण मूळचे हलबा. बस्तरकडून पूर्वज इकडे आले आणि पोटासाठी त्यांनी मागावर बसून कोष्ट्याचा धंदा पत्करला, असे या समाजाचे म्हणणे. कारकुनाने धंदा पाहून जातीच्या रकान्यात ‘कोष्टी’ लिहिले, अशी त्यांची व्यथा. बस्तर हेही एक संस्थान होते आणि १९४८ च्या आरंभी तेही मध्यप्रांतात विलीन झाले. पूर्वजांचे गाव एका नाहीशा झालेल्या राज्यात आणि त्यांची नोंद दुसऱ्या नाहीशा झालेल्या राज्यात, असा हा दावा आहे.

पूर्वी अनेक जमातींची मान्यता ठरावीक तहसिलींपुरती होती. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले आणि विदर्भातील दाव्यांची संख्या वाढली. २८ नोव्हेंबर २००० रोजी ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी जशी आहे तशीच वाचावी लागेल. ‘हलबा-कोष्टी’ म्हणजे ‘हलबा’च असे चौकशी करून ठरविता येणार नाही. मात्र तोवर अंतिम झालेले प्रवेश व नेमणुका अबाधित ठेवण्यात आल्या. त्यानंतर ६ जुलै २०१७ च्या निकालाने दावा अवैध ठरलेल्यांच्या नोकरीचे संरक्षण काढून घेतले आणि २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करण्याची पाळी आली. वीस-पंचवीस वर्षे सेवा केलेला माणूस उतारवयात तात्पुरत्या पदावर आला. निकालाच्या योग्यायोग्यतेत न शिरताही एवढे म्हणता येईल की, खऱ्या आदिवासींच्या राखीव जागांचे रक्षण आणि जुन्या रकान्यात अडकलेल्या माणसाची व्यथा या दोहोंचा मेळ घालणारी व्यवस्था आपण उभी करू शकलो नाही.

कुणबी आणि कोष्टी या दोन प्रकरणांत एक समान धागा आहे. दोन्ही शब्द व्यवसायाचेही होते आणि जातीचेही. नोंद करणाऱ्याला सारा वसूल करायचा होता, माणसे मोजायची होती. शंभर वर्षांनी याच शब्दावरून आरक्षण ठरेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. एका हेतूने लिहिलेला कागद आपण दुसऱ्याच हेतूने वाचतो आहोत.

माणूस तिथेच, सीमा पुढे

तिसरी तऱ्हा स्थलांतरितांची. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे नागपूर हे कामगारांचे शहर बनले. छत्तीसगड, छिंदवाडा, बालाघाटकडची कुटुंबे इथे आली, तेव्हा त्यांनी कोणतीही राज्यसीमा ओलांडली नव्हती. रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १९५६ ची रेषा नंतर आली. मात्र दुसऱ्या राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा स्थलांतराबरोबर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले. मानीव दिनांकापूर्वी नागपुरात असल्याचा कागद ज्याच्याजवळ नाही, तो आपल्याच जुन्या राजधानीत परका ठरतो. छिंदवाड्याकडून महाराष्ट्रात नोकरीस आलेल्या एका हलबा कर्मचाऱ्याच्या प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जुन्या एकत्र राज्याचा मुद्दा विचारात घ्यायला हवा, असे सुचविले होते. सौंसर-पांढुर्ण्याची मराठी ज्याने ऐकली आहे, त्याला ही सूचना किती रास्त आहे ते वेगळे सांगायला नको.

जगभरचा शोध

नाहीशा झालेल्या राज्यात पूर्वज शोधणे हे केवळ आपलेच नशीब नाही. तुर्कस्तानने फेब्रुवारी २०१८ मध्ये ऑस्मानी काळापर्यंत जाणाऱ्या वंशनोंदी संगणकावर खुल्या केल्या, तेव्हा इतकी झुंबड उडाली की यंत्रणाच कोलमडली. पहिल्या महायुद्धानंतर मोडलेल्या हंगेरीच्या राज्यात ज्यांचे पूर्वज होते, त्यांना हंगेरीने २०१० च्या कायद्याने नागरिकत्वाची वाट मोकळी केली. आपल्या शेजारच्या गोव्यात, १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांची मुले-नातवंडे लिस्बनमध्ये नोंद करून युरोपचे पारपत्र मिळवतात.

फरक इतकाच की, तिथे जुना कागद नवे दार उघडतो. न सापडला तर माणूस आहे तिथे राहतो. आपल्याकडे कागद न सापडणे म्हणजे असलेले दार बंद होणे. आसामात २०१९ च्या अंतिम नागरिक सूचीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले, तेव्हा या टंचाईचे टोक देशाने पाहिले. जात पडताळणीत नागरिकत्व जात नाही हे खरे; पण पूर्वजांचा कागद आणण्याचे ओझे माणसावरच टाकण्याची रीत तीच आहे.

कागद कोणाकडे असतो?

जुने दप्तर सर्वांना सारखे ओळखत नाही, हे तर सर्वात महत्त्वाचे. मालगुजाराचे नाव प्रत्येक पानावर सापडते. त्याच्या कुळाचे नाव, बापाच्या नावासह आणि जातीसह, जमाबंदीत येते. पण ज्याच्याकडे ना जमीन ना कूळहक्क, त्या मजुराचे काय? ज्यांची मुले शाळेत गेलीच नाहीत, त्या भटक्या कुटुंबांचे काय? बाईचे नाव तर बहुतेक कागदांत अमुकची बायको, तमुकची मुलगी एवढ्यापुरतेच. कोतवालाने जन्ममृत्यूची नोंद केली असेल, तर तेवढाच आधार. तीही अनेकदा वाळवीने खाल्लेली. ज्यांच्यासाठी आरक्षणाची व्यवस्था उभी राहिली, त्यांच्याकडेच पुराव्याची सर्वाधिक वानवा असावी, ही या पद्धतीतील सर्वात मोठी विसंगती होय.

न्यायालयांनी स्वातंत्र्यपूर्व कागदाला अधिक वजन दिले आहे. २०११ च्या एका निकालात ते स्पष्ट सांगितले गेले आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रूढी-परंपरांची आप्तता चाचणी ही एकमेव कसोटी नव्हे, असेही बजावले. तत्त्व म्हणून हे योग्यच. पण जुन्या कागदाचे मोल जितके वाढते, तितके तो कागद नीट जपण्याचे, वाचून देण्याचे आणि सर्वांना सहज उपलब्ध करण्याचे शासनाचे कर्तव्यही वाढते.

ओझे कोणी वाहायचे?

या दिशेने करण्याजोगे बरेच आहे आणि त्यासाठी कोणाच्याही वाट्याला धक्का लावावा लागत नाही. तहसील, भूमी अभिलेख, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि अभिलेखागार यांतील जुन्या नोंदी गावनिहाय छायांकित करून खुल्या कराव्यात. शिंदे समितीच्या निमित्ताने हे काम काही प्रमाणात झाले. ते एका समाजापुरते न ठेवता सर्व जातीजमातींसाठी व्हावे. मोडी आणि जुनी उर्दू जाणणारे लोक दिवसेंदिवस कमी होत आहेत. शासनमान्य वाचकांची नवी फळी घडवावी लागेल. हैदराबाद आणि भोपाळ येथील दप्तरांच्या नकला आणण्याची जबाबदारी अर्जदाराची न राहता राज्यांनी आपसांत करार करून उचलावी. वडील वा सख्ख्या काकांचे वैधता प्रमाणपत्र असल्यास पुढच्या पिढीला पुन्हा तोच फेरा नको, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. समित्यांनी ते मनापासून पाळावे.

अर्थात, दप्तर कितीही उघडले तरी काही घरांची पाने कोरीच निघतील. अशा घरांसाठी पर्यायी पुरावा कोणता, तो कोण तपासणार आणि खोटेपणा कसा रोखणार, हे एका समाजाच्या उपोषणाच्या दडपणाखाली नव्हे, तर सर्वांसाठी सारखा नियम म्हणून ठरले पाहिजे. तसे न झाल्यास आज मराठवाड्यासाठी केलेली सवलत उद्या विदर्भातील विणकर मागेल, परवा छत्तीसगडी कामगार मागेल, आणि त्यांना नाही म्हणायला शासनाकडे पटण्यासारखे कारण नसेल.

भोसल्यांचे राज्य गेले, मध्यप्रांत गेला, निजामही गेला. त्यांच्या कारकुनांनी सरकारी गरजेपुरती केलेली नोंद मात्र आज नक्कल विभागाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीचे भवितव्य ठरवते आहे. तो कागद शोधण्याचे ओझे त्या मुलीनेच वाहायचे की तिच्या शासनानेही उचलायचे, एवढा निर्णय आजच्या राज्याच्या हाती आहे. तो घेण्यासाठी कुठल्याही गॅझेटिअरची गरज नाही.